एका शाळेतले दोन कोलू

मित्रांनो, मी धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर आहे. शाळेत कोण आले, कोण केव्हा गेले, हे माझ्यात लिहिले जाई. पहिले गुरुजी टाकाने लिहीत आणि शाई वाळेपर्यंत मला मिटत नसत. पुढे नवी रजिस्टरे आली आणि मला कपाटाच्या तळाशी ठेवले. ओल लागून माझी पाने चिकटली.

गेल्या वर्षी दीपाली उसेंडी आजीला, नीलाबाईंना, घेऊन शाळेत आली. तिचा नर्सिंगचा प्रवेश ठरला होता. पण आठवड्यात जातपडताळणी झाली नाही तर जागा जाणार होती. तिने आजोबा कोलू लालसू यांचा, माझ्या सुट्या पानांवरून काढलेला शाळेचा उतारा जोडला होता. त्यात शेरा निघाला : 'सन १९४६, मयत. वय नऊ.'

"नऊ वर्षाचं पोरगं तुया आजोबा कसा, असं पडताळणीचे साहेब इचारते, मॅडम," दीपाली रडवेली झाली.

"माया नवरा तं सत्तर वर्षं जगला!" नीलाबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिका रिना मॅडमनी मला बाहेर काढले. पानांत पट्टी सरकवत त्या सावकाश एकेक पान सोडवत गेल्या. आणि दुसरा कोलू लालसू सापडला! जन्म १९४७, दाखल १९५३. शेऱ्यात बारीक अक्षर होते : 'मयत विद्यार्थी क्र. १७ याचा धाकटा भाऊ. आईबापांनी तेच नाव ठेवले.'

नीलाबाई म्हणाल्या, "म्हणून सासू यायले लहान कोलू म्हणे. मोठा कोन, हे मले कोनी सांगलंच नाई."

मॅडमनी दोन्ही नोंदींचे उतारे दिले. मोठ्या कोलूच्या नोंदीत जात लिहिलेली होती, आणि पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. जिने दीपालीला अडवले, तीच नोंद तिचा सर्वांत जुना पुरावा ठरली. आज दीपाली गडचिरोलीत शिकते आहे.

त्या दिवशी निघताना नीलाबाईंनी विचारले, "मोठ्याचं नाव कुठी हाय?" मॅडमनी बोट ठेवले. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. सत्तरी ओलांडलेल्या नीलाबाईंनी त्या नऊ वर्षांच्या भासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेतला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझे एखादे भावंड असेल. त्याला ओलीपासून जपा, पाने हळू उलटा. मोठ्या कोलूचे या जगात माझ्यातल्या त्या एका ओळीशिवाय काहीच उरले नव्हते.