लुगडं तूच नेसव

फ्लेवियाच्या आईनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं तेही काय, तर लुगडं.

"मी मेले ना, तर मला गाऊन घालून पेटीत ठेवू नका. माझं लग्नातलं लाल लुगडं नेसवा. आणि ते तूच नेसव गो फ्लेविया. ह्या ग्रेसच्या हातात दिलंत तर ती मला बटाट्याच्या पोत्यासारखी बांधून टाकेल."

ग्रेस म्हणजे सून. ती तिथेच ओट्याशी चहा गाळत उभी असायची आणि खो खो हसायची. ह्युबर्ट, फ्लेवियाचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "आई, सकाळी सकाळी काय गं हे मरणाचं!" मरोळ गावठाणातल्या त्या दोन खोल्यांत हे नाटक इतक्यांदा झालं होतं की सगळ्यांचे संवाद पाठ होते.

पण म्हातारी चेष्टा करत नव्हती. नऊवारी लुगडं, त्याचा कासोटा, पुढचा तो घट्ट मारलेला गोळा, हे सगळं गावठाणात आता येत होतं कुणाला? पोरी चर्चच्या सणाला लुगडं नेसतात, तर ते शिवलेलं, मागे चेन लावलेलं. घातलं, फोटो काढले, उतरवलं. जुन्या बायकांतली एक वसईला लेकीकडे राहायला गेली आणि दुसरी आता स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हती. राहिल्या आई आणि फ्लेविया. लेकीला तिनं हट्टानं शिकवलं होतं, उभ्या बाईला नेसवायचं आणि आडव्या बाईलाही. आजी गेली तेव्हा फ्लेवियाच होती हाताखाली. लुगडं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं.

फ्लेविया चाळिशी ओलांडलेली. लग्न राहूनच गेलं. गोरेगावला एका उंच टॉवरमधे तेजल मॅडमकडे ती राहून मूल सांभाळायची. मूल म्हणजे प्रांजल, चार वर्षांची, महागोड आणि महाहट्टी. फ्लेवियाच्या हातूनच जेवायची, तिच्याच कुशीत झोपायची. मॅडम कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या, "फ्लेविया आमच्या घरातलीच आहे हं!" घरातली माणसं स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत झोपत नाहीत, पण ते जाऊ दे.

तर त्या वर्षी मॅडमनी फर्मान काढलं. मॅडमचे नवरे सर्वेश सर, त्यांची बहीण निधी लंडनला असते, तिच्याकडे महिनाभर जायचं, नाताळ तिथेच. "आणि फ्लेविया, तू तर येणारच! तुझा तर सणच आहे. तिकडचा खरा ख्रिसमस बघशील!"

खरा ख्रिसमस! म्हणजे मरोळला इतकी वर्षं काय खोटा चालला होता?

फ्लेवियाला ते लागलं, पण ती बोलली नाही. बोलली ती आईबद्दल. आईच्या छातीत पाणी झालं होतं, दोन पावलं चालली की धाप लागायची. "मॅडम, काही झालं तर मला लगेच पाठवाल ना?"

"ऑफकोर्स गं! हा काय प्रश्न झाला? पहिल्या विमानात बसवीन तुला."

आणि खरं सांगायचं तर फ्लेवियालाही जायचं होतं. बर्फ बघायचा होता. जन्मभर नाताळात बाळ येशूच्या गोठ्यावर कापसाचा बर्फ चिकटवला, एकदा खरा हातात घ्यावा, एवढीच हौस. आईनंच ढकललं तिला. "जा गो, बघून ये. जानेवारीत तीन राजांच्या सणाआधी येतेस ना? तोवर मी कुठे जात नाही. माझं लुगडं कोण नेसवणार?"

बर्फबिर्फ काही पडला नाही. नुसती भुरभुर आणि दुपारीच पडणारा अंधार. निधी मॅडमचं घर मोठं, पण फ्लेवियाची गादी प्रांजलच्या पलंगाशेजारी जमिनीवर. खिडकीतून एक चर्च दिसायचं, दगडी, छान. त्याच्या आत ती एकदाही गेली नाही, कारण रविवारी सगळे उशिरा उठायचे आणि प्रांजलला कुणीतरी बघायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण ते कळलंच असेल तुम्हाला.

पहिले काही दिवस रोज आईशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मग एक दिवस वायफाय बिघडलं. म्हणजे फ्लेवियाच्या फोनवरच बिघडलं, बाकीच्यांचं झकास चालू होतं. मॅडम म्हणाल्या, "माझ्या फोनवरून बोल ना." बोलली, तर ग्रेस म्हणाली, आई झोपलीय. पुढच्या वेळी म्हणाली, घसा बसलाय, डॉक्टरनं बोलायला बंदी केलीय. आई आणि बोलायची बंदी! फ्लेविया हसली सुद्धा.

आणि ह्याच सुमाराला घरातली सगळी माणसं एकाएकी गोड झाली. मॅडमनी तिला लाल स्वेटर आणून दिला, पुढे हरणाचं तोंड विणलेला. सर्वेश सर, जे कधी तिच्याकडे मान वर करून बघत नसत, ते विचारायला लागले, "फ्लेविया, चहा घेतलास का?" फ्लेविया भोळी. तिला वाटलं, नाताळ आहे, देव माणसांच्या मनात शिरतो. तिनं त्या आनंदात निधी मॅडमच्या ओट्यावर मैदा मळला आणि प्रांजलला कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड फराळ, करायला शिकवलं, गोळी फणीवर दाबायची आणि अलगद गुंडाळायची. लाल स्वेटरमधे, नाकाला पीठ लागलेलं, दोघींचा फोटो मॅडमनी काढला आणि ह्युबर्टला पाठवला.

नाताळच्या दिवशी सकाळी मॅडमच्याच फोनवरून तिनं घरी व्हिडिओ लावला. मुंबईत तेव्हा दुपार. समोर ह्युबर्ट आणि ग्रेस. ग्रेस चमचमता टॉप घालून बसली होती.

"हॅपी क्रिसमस गो!" फ्लेविया ओरडली. "आईला दे आधी."

"अगं, आताच डोळा लागलाय तिचा," ग्रेस म्हणाली. "तू बघ ना, आम्ही काय काय केलंय!" आणि तिनं कॅमेऱ्यासमोर भरलेलं ताट धरलं.

ग्रेस बिचारी. टॉप बदलायचं तिला सुचलं, ताटाचं नाही सुचलं.

फ्लेवियानं ताट बघितलं. कुलकुल होते, पण अर्धे फणीवरचे आणि अर्धे काट्यानं दाबलेले. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तीन तऱ्हेच्या, एकीची मुरड मशीननं कापलेली. केक दोन रंगांचे. एका घरात असं होत नाही. प्रत्येक घराची मुरड वेगळी असते आणि गावठाणातली बाई ती लांबून ओळखते. ही काट्याची म्हणजे शेजारच्या दर्शनाच्या घरची, ती मशीनची म्हणजे कोपऱ्यावरच्या घरची. त्या ताटात सगळी आळी होती. नव्हतं ते फक्त आईच्या हातचं.

"ह्युबर्ट," ती म्हणाली, "फोन जरा दाराकडे फिरव."

"कशाला?"

"फिरव म्हणते ना!"

त्यानं फिरवला. दारावर तारा नव्हता. कोपऱ्यात गोठा नव्हता.

ज्या घरात त्या वर्षी माणूस जातं, त्या घरात नाताळला तारा लागत नाही आणि कढई चढत नाही. शेजारी आपापल्या घरचं झाकून आणून देतात. हे मरोळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

फ्लेविया किंचाळली नाही. ती म्हणाली, "कधी?" आणि ह्युबर्ट चाळीस वर्षांचा बाप्या तोंड झाकून रडायला लागला.

आई जाऊन दोन आठवडे झाले होते.

ती स्वयंपाकघरात गेली. तेजल मॅडम टेबलावर लाल मेणबत्त्या लावत होत्या. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

मॅडमचा हात थांबला. "हे बघ फ्लेविया, शांतपणे ऐक. ह्युबर्टचा फोन मलाच आला होता. आम्ही म्हटलं, तुला आता सांगून काय उपयोग? तिकिटं मिळणार नाहीत, तू पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असणार. उगाच इथे रडत बसली असतीस. तुझ्याच भल्यासाठी गं."

"तिकिटं बघितली होती तुम्ही?"

सर्वेश सर सोफ्यावर होते. ते फोनमधे काहीतरी वाचायला लागले.

"प्रांजल तुझ्याशिवाय जेवत नाही, तुला माहितीये," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "तू वर जा, थोडं पड. पाहुणे जेवायला बसतील तेव्हा खाली आलीस तरी चालेल."

चालेल! मोठ्या मनाच्या बाई!

आणि ती आली की खाली. काय करणार? देश परका, पासपोर्ट मॅडमच्या पर्समधे. आणि प्रांजल जिन्यात उभी राहून हाका मारत होती, तिचा काय दोष? फ्लेवियानं स्वेटर काढून टाकला होता. दोन आठवडे, आई मातीत आणि लेक लाल स्वेटरमधे कुलकुल करत, आणि तो फोटो सगळ्या गावठाणानं बघितला असणार! ह्या विचारानं तिला स्वतःच्या अंगाची किळस आली. तिनं प्रांजलला घास भरवले. पाहुण्यांनी कुलकुल खाल्ले आणि विचारलं, हे कुणी केले, किती छान.

पुढचे दिवस तिनं एकाच गोष्टीच्या आधारावर काढले. लुगडं. मला बोलावलं नाही, ठीक. पण म्हातारीनं इतक्यांदा घोकून घेतलं होतं, ग्रेसनं पेटी उघडली असणारच. वेडंवाकडं का होईना, लाल लुगडं अंगावर घालूनच आई गेली असणार. फोनवर तिनं विचारलं नाही. तिची छातीच झाली नाही.

विमानतळावरून ती मॅडमच्या गाडीत बसली नाही. रिक्षा केली आणि थेट घरी आली. दारात ह्युबर्टनं तिच्या गळ्यात पडायला हात पुढे केले, ती त्याला ओलांडून आत गेली.

"लुगडं नेसवलं का?"

ह्युबर्ट तिची बॅग उचलायला वळला.

"ग्रेस, मी तुला विचारते. नेसवलं का?"

ग्रेस जमिनीकडे बघत म्हणाली, "काढलं होतं गो. पलंगावर पसरलं. मी आणि दर्शना दोघी लागलो होतो. पण कासोटा कसा घ्यायचा तेच कळेना. वळवायला गेलं की सुटायचं. पिना लावून बघितल्या, तरी सुटायचं. आणि बाहेर सगळे खोळंबलेले, फादर आलेले." तिनं नाक पुसलं. "शेवटी गाऊन घातला. नवा होता गो, मी तिला नाताळसाठीच आणलेला."

फ्लेविया पलंगावर बसली.

"दर्शना म्हणाली होती," ग्रेस हळूच म्हणाली, "की फ्लेवियाला व्हिडिओ लावा. ती बघून सांगेल, आपण तसं तसं करू. पाच मिनिटांचं काम. मी फोन हातात पण घेतला होता."

"मग?"

ग्रेसनं ह्युबर्टकडे बघितलं. ह्युबर्ट भिंतीकडे बघत म्हणाला, "मॅडमनी सांगितलं होतं ना, तिला कळू देऊ नका म्हणून. मीच ग्रेसच्या हातातून फोन घेतला."

फ्लेवियानं पलंगाखालून पेटी ओढली. लुगडं कसंतरी घडी करून कोंबलेलं होतं. लालभडक, डांबराच्या गोळ्यांचा वास. तिनं ते मांडीवर घेतलं आणि हाताला काहीतरी टोचलं. सेफ्टी पिना तशाच होत्या. जिथे कासोटा यायला हवा तिथे नाही, भलतीकडेच, गोळा करून लावलेल्या. ती एकेक पिन काढून उशीवर ठेवायला लागली.