बशीवरची गांधीलमाशी

मोठीबाईंच्या मागच्या अंगणात मधमाश्यांच्या अकरा पेट्या होत्या. त्यातल्या चार एकदम नव्हे, चांगल्या महिनाभर हाल होऊन मेल्या. दोष माश्यांचा नव्हता. कुठल्याशा परदेशी मालाच्या खोक्यांतून आलेल्या काळ्या गांधीलमाश्या पेटीच्या दारासमोर हवेत तरंगत उभ्या राहायच्या आणि दमूनभागून परतणारी माशी दारातच उचलायच्या. आतल्या माश्यांनी मग बाहेर पडणंच सोडलं. दारात मरा, नाहीतर घरात उपाशी मरा.

"रविवारी टेम्पो सांगितलाय," मंगळवारी मुलगा म्हणाला. "उरलेल्या सात पेट्या मामाकडं. तिकडं अजून ही पीडा नाही."

"आणि मी काय करू? रिकाम्या अंगणाकडं बघत बसू?"

"दुसरं काही सुचत असलं तर सांग, आई."

मुलगा हातावर हात धरून बसला नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. डास मारायची विजेची रॅकेट घेऊन तो रोज पेट्यांपुढं उभा राहायचा आणि मेलेल्या गांधीलमाश्या कठड्यावर ओळीनं मांडायचा, बक्षिसं मांडावीत तशा. बुधवारी चव्वेचाळीस झाल्या.

मोठीबाईंनी ओळ न्याहाळली. "यातली एक तरी बोलली का, घर कुठंय ते?"

"मेलेली काय बोलणार?"

"तेच म्हणतेय मी. आण ती रॅकेट इकडं."

रॅकेट कपाटात गेली, किल्ली कमरेला. बशीत मासळीचे बारीक तुकडे आले. थोड्याच वेळात एक गांधीलमाशी बशीवर उतरून तुकडा कातरायला लागली. सूनबाईंनी आपलं लाल नखपॉलिश पुढं केलं, पण ब्रश जवळ नेऊन पुन्हा मागं घेतला.

"दे इकडं. ती जेवतेय, तिला तुझ्याकडं बघायला वेळ नाही," म्हणत मोठीबाईंनी गांधीलमाशीच्या पाठीवर लाल ठिपका ठेवला. गांधीलमाशी तुकडा घेऊन उडाली. सूनबाईंनी मोबाईलवर वेळ लावली.

"आली, आई! चौदा मिनिटं."

"पिल्लांना भरवून आली. आता बरणी."

बशीवरच ती बरणीखाली कोंडायची, पुढच्या वळणावर न्यायची, सोडायची आणि ती परत यायला किती वेळ लावते ते बघायचं. वेळ वाढला तर वाट चुकली, कमी झाला तर बरोबर. पहिल्या वळणावर अकरा मिनिटं झाली. शिंप्यानं दुकानातून हाक मारली, "मोठीबाई, पाहुण्यांची बडदास्त चाललीय वाटतं?"

"ये, तुझीही बशी मांडते."

गुरुवारी चौथ्या वळणावर सहा मिनिटांवर आलं. आणि तेवढ्यात ती लाल ठिपकेवाली मुलाच्या बाहीवर बसली. त्यानं सवयीनं चप्पल काढून तिचा भुगा केला.

"अरे, माणसाचे हात आहेत का चाबूक? रस्ता सांगणारीलाच मारलीस!"

सूनबाई हसू दाबत पाठमोऱ्या झाल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दुसरी गांधीलमाशी, पांढरा ठिपका. यावेळी बशी मुलाच्या हातात आणि मोकळा हात खिशात, आईच्या हुकमानं.

शुक्रवारी बंद पडलेल्या छापखान्यामागं वेळ दीड मिनिटावर आला. मुलगा आणि सूनबाई माना वर करून झाडांचे शेंडे धुंडाळू लागले.

"एवढं ओझं घेऊन ती उंच कशाला जाईल? खाली बघा!"

पांढरा ठिपका डोक्याच्या उंचीवरून गेला आणि फुटक्या झरोक्यात शिरला. लांबूनच खिडकीतून दिसलं: जुन्या कागदांच्या थप्प्यांवर, पोटमाळ्याला लटकलेलं, पाण्याच्या पिंपाएवढं घर.

"कागदाचं घर बांधायला जागा बरी शोधली रांडांनी," मोठीबाई म्हणाल्या.

फवारणीवाला फोनवर म्हणाला, सोमवारी येतो.

"सोमवारी सांत्वनाला येणार का? उद्या ये."

शनिवारी उजाडताना, सगळ्या गांधीलमाश्या घरात असतानाच, तो जाड पोशाख घालून आत गेला. बाकी सगळ्यांना त्यानं गल्लीच्या टोकाला उभं केलं. दुपारी दोन पोती भरून घर बाहेर आलं.

"एवढं मोठं मी जन्मात काढलं नाही. सापडलं कसं?"

मोठीबाईंनी मुलाकडं बघितलं. "सांग की."

मुलानं कान खाजवला. "आईनं त्यांना जेवायला घातलं."

रविवारी मामाच्या गावचा टेम्पोवाला अंगणात आला आणि पहिल्या पेटीला हात घालू लागला. मोठीबाई काही बोलायच्या आत मुलगा आडवा झाला.

"हात काढा. पेट्या इथंच राहणार. मामाला सांगा, तिकडं ही पीडा आली तर एकही मारू नकोस, आधी आईला फोन कर."

हे मोठीबाईंना ऐकू गेलं नसावं. त्या तिसऱ्या पेटीसमोर बसल्या होत्या. उन्हं वर आली तशी एक माशी फळीवर आली, तोंड पुसलं, उडाली. तिच्यामागं दुसरी. मग धारच लागली. अर्ध्या तासात पहिल्या परतल्या, पाय पिवळेधमक, आणि दारात त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. मोठीबाई मोजत होत्या. शंभराच्या पुढचं त्यांना येत नव्हतं, म्हणून शंभर झाले की पुन्हा एकपासून.