तीन दात्यांचा फरक

“तेल गळतंय वरून. चेंबर बिचारं उगाच बदनाम झालंय,” मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

नर्सताई वाकून बघत होत्या. गाडी त्यांचीच, एकवीस वर्षांची. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तेलाच्या चेंबरचं पॅकिंग दोनदा बदलून दिलं होतं, तरी गाडी उभी राहील तिथे काळा डाग पडायचाच. मिस्त्रींनी आधी इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटं ते चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीत तेलाने आपली वाट स्वतःच दाखवली. वरच्या कॅमच्या रबरी सीलपासून ते थेट टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाची वरची-खालची चाकं एका तालात फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर उतरत होतं.

“बेल्ट तेल पिऊन फुगलाय, ताई. तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतील.”

“आणि घाटात तुटला तर?”

नर्सताई डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जात. त्यांनी गाडीची चावी बाकावर ठेवली. “चार वाजता येते. एका पोरीचे दिवस भरलेत, आज-उद्यात निघावं लागेल.”

मिस्त्रींनी जुना बेल्ट काढला. सील बदललं. त्यांची बायको शेजारी स्टुलावर बसून झाकणाचे बोल्ट रॉकेलमध्ये धूत होती. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. मिस्त्रींनी हात पुढे केला की न बोलता हवा तो पाना त्यांच्या हातावर यायचा.

नवा बेल्ट हातात घेऊन ते इंजिनासमोर उभे राहिले, आणि थांबले.

वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये ताण देणारी पुली. हे काम त्यांनी किती वेळा केलं असेल, याची मोजदाद नव्हती. पण आता समोरचं इंजिन कुण्या परक्याचं घर असावं तसं दिसत होतं. आधी काय करायचं? वरची खूण कुठे जुळवायची? कपाळावर घाम आला. गेल्या महिन्यात घरी जाताना ते दोनदा वळण चुकले होते, पण तेव्हा हसून वेळ मारून नेता आली होती. बायको बघत नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग हात नेतील तसा बेल्ट चढवला, पुली आवळली, झाकण लावलं आणि चावी घेऊन गाडीत बसले.

“अहो, चालू करायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघितलंत?”

“हो.”

“कधी? मी इथेच बसलेय.”

“बघितलं म्हणतोय ना!” ते ओरडले. चावी लावली. पण बोटं पुढे फिरेनात. फिरवलं होतं का? खरंच आठवत नव्हतं. आठवणीच्या जागी नुसती पांढरी भिंत होती. त्या भिंतीपलीकडे घाट होता, नर्सताई होत्या आणि वाट बघत पडलेली कुणाची तरी पोर होती.

ते खाली उतरले. झाकण पुन्हा काढलं. खालच्या पुलीवर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवू लागले. एक फेराही पुरा झाला नाही. आतून बारीक ‘टक’ आवाज आला आणि पाना अडला. बेल्ट तीन दाते पुढे बसला होता. चावी फिरली असती तर सगळे व्हॉल्व्ह वाकले असते.

मिस्त्री मटकन खाली बसले.

“अगं, मला आठवत नाही,” ते म्हणाले. “मला काम आठवत नाही.”

बायकोने रॉकेलचे हात पुसले. “मला कळलंय ते. दोन-तीन महिने झाले.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला भीती वाटत होती. बोलले की ते खरं होईल.”

तिने पदर खोचला, पाना उचलला आणि पुली ढिली करून बेल्ट उतरवला. “वरची खूण या रेघेवर येते, एवढं मला बघून बघून पाठ आहे. खालची इथे. बरोबर?”

तिने जुळवलेल्या खुणांवरून मिस्त्रींनी बोट फिरवलं. “बरोबर. आता ताण दे. अजून थोडा. बास.” ताण किती हवा, ते बोटांना अजून कळत होतं. दोन पूर्ण फेरे तिने हाताने फिरवले. खुणा जागेवर परत आल्या. तिने पुन्हा दोन फेरे फिरवले.

नर्सताई आल्या तेव्हा इंजिन एका सुरात चालू होतं आणि खाली तेलाचा थेंब नव्हता.

“ताई, बेल्ट हिने बसवलाय,” मिस्त्री म्हणाले. “मी आधी चुकीचा लावला होता. माझं डोकं दगा देतंय. तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवून घ्या.”

नर्सताईंनी बायकोकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही बसाल या गाडीत? घाटातून?”

“आत्ता बसते.”

“मग झालं तर.” नर्सताई गाडीत बसल्या, काच खाली केली. “मिस्त्री, बुधवारी सकाळी दहाला दवाखान्यात या. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. विसरू नका.”

बोलून गेल्यावर त्यांना ओशाळल्यासारखं झालं. मिस्त्री मात्र शांतपणे हो म्हणाले.

गाडी वळणाआड गेली. मिस्त्री बाकावर बसले आणि त्यांनी उजवा हात बायकोपुढे केला. तिने पेन घेऊन तळहातावर ‘बुधवार, दहा’ लिहायला सुरुवात केली. तेल मुरलेल्या कातडीवर शाई धरत नव्हती. तेच अक्षर ती पुन्हा पुन्हा गिरवत राहिली, आणि त्यांनी हात स्थिर धरून ठेवला.