चार जिंकले, अकरा हरले

"चार जिंकले, अकरा हरले. यापुढे काय बघायचं?" वॉल्टरने फाइल टेबलावर टाकली आणि यतीनने कपाळाला हात लावला.

यतीन मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, तो अमेरिकेतल्या या बेसबॉल क्लबात आकडेतज्ज्ञ म्हणून आला होता. वॉल्टर तिथला जनरल मॅनेजर. कोल्बी रीड हा बावीस वर्षांचा पिचर देऊन छत्तिशीतला एक बॅटर घ्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बेसबॉलमध्ये सामन्याची हार-जीत पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, नावावर लागते आणि फाइलीतले आकडे कोल्बीचे होते. अदलाबदलीची मुदत संपायला आठवडा उरला होता.

"सामना टीम हरते, वॉल्टर," यतीन म्हणाला. "क्रिकेटमध्ये एखाद्याने शतक ठोकलं आणि टीम हरली, तर शतक काही पुसलं जात नाही. हा पोरगा दर चौथ्या बॅटरला स्ट्राइकआउट करतो, म्हणजे एकट्याच्या जोरावर बाद करतो, आणि वाकडेतिकडे बॉल टाकून फुकटचा बेस सहसा कुणाला देत नाही. आपल्या फील्डरांच्या आवाक्यातून बॉल निसटतात, त्याचं खापर याच्या डोक्यावर का?"

"आणि मे महिन्यातली धुलाई?"

यतीनने मेचे आकडे पुन्हा काढून बघितले. मेमधल्या पाच सामन्यांत कोल्बीच्या बॉलचा वेग अचानक पडला होता. शेवटी तो कोल्बीलाच जाऊन भेटला. बरेच आढेवेढे घेऊन पोरगा कबूल झाला. तेव्हा कोपर दुखत होतं. सांगितलं असतं तर टीममधली जागा गेली असती, म्हणून गोळ्या खाऊन खेळलो. आता अधूनमधूनच दुखतं.

"हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"मग मी संपलोच."

"लपवलंस तर संपशील."

यतीनने दोन्ही गोष्टी लिहिल्या. ते पाच सामने वगळले तर कोल्बी लीगमधल्या पहिल्या दहांत बसतो, त्याला सोडू नका. पण कोपर तपासेपर्यंत खेळवूही नका.

वॉल्टर वाचून खूश झाला. "पटलं! पोरगा आपल्याकडेच राहील. शुक्रवारी त्यालाच उतरवू."

"अरे, पण खालची ओळ वाचलीस का?"

"एकदा खेळू दे, मग तपासू."

घरी प्रीताला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी! नवरोबा, किती डोकं फोडणार आहेस यार?"

शुक्रवारी यतीन वेगाचे आकडे टिपत बसला. चौथ्या इनिंगपर्यंत ताशी चौऱ्याण्णव मैल. पाचवीत एक्क्याण्णव, मग एकोणनव्वद. क्लब तीन धावांनी पुढे होता. यतीन कागद घेऊन तडक खाली धावला, दारावरच्या माणसाला न जुमानता टीमच्या बाकांपाशी शिरला आणि कागद पिचिंग कोचच्या हातात कोंबला. कोचने आकडे बघितले, मैदानात गेला आणि कोल्बीला बाहेर घेऊन आला.

कोल्बीने ग्लव्ह आपटला. "पाच इनिंग पुऱ्या झाल्याशिवाय विजय माझ्या नावावर लागत नाही! एकच बॅटर उरला होता! तुला कुणी मध्ये पडायला सांगितलं?"

यतीनला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी तपासणी झाली. कोपराचं लिगामेंट ताणलं होतं, फाटलं नव्हतं. आणखी दोन-तीन सामने झाले असते तर ऑपरेशनच करावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कोल्बीचा सीझन तिथेच संपला, आणि वॉल्टरने यतीनलाच झापलं. "बॅटरही हुकला, पिचरही बसला!"

पुढच्या एप्रिलमध्ये कोल्बी परतला. पहिल्या सहा सामन्यांत त्याचा वेग एकदाही पडला नाही. यतीनशी मात्र तो बोलत नव्हता. मे उजाडल्यावर एका दुपारी कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसला.

"काय म्हणतात माझे आकडे?"

"फुकटचे बेस वाढलेत," यतीन म्हणाला. "खा आधी."