थोरलीच्या घरात धाकटी

मी लिनक्स बोलतेय. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही, फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर त्याचा सगळा कारभार जी हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मी तशी एक. दुसरी तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्या नावातच खिडक्या आहेत. मी तिला थोरली म्हणते. खरं तर सवत म्हणायला हवं, कारण सुरतेत नवागामच्या एका खोलीत आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटरमध्ये नांदलो.

माझा जन्म कुणा एकाच्या घरचा नाही. जगभरच्या लोकांनी आपापला वेळ देऊन मला घडवलं आणि फुकट वाटलं. फुकटची म्हणूनच किंमत नसावी, असं मला पुष्कळदा वाटतं.

या घरात मला आणलं गजेंद्रने. तो सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या कारखान्यात कामाला. त्याची वहिनी हर्षदा घरी बसून पंचिंग करते, म्हणजे साडीच्या काठावर मशीनने भरतकाम कसं करायचं ते कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने आखून देते. थोरली तेव्हा फार सुस्तावली होती. चहा होऊन कप विसळले तरी तिचं उठणं होत नसे. गजेंद्रने पेनड्राइव्हमधून मला आत घातलं आणि मी चुटकीसरशी उभी राहिले.

"वहिनी, आते हाऊ कॉम्प्युटर नवा व्हयी गया," तो म्हणाला.

हर्षदाने माऊस इकडेतिकडे फिरवला. "भाऊ, मनं डिझाइननं सॉफ्टवेअर कोठे शे?"

"ते यामा नही चालस. दुसरं शिकी ले."

"शिकसू. पन तू इच्छापोरले, मी आठे. आडकनं ते कोनले इचारू?"

तिचं तरी काय चुकलं? शेजारच्या चंचलचं पंचिंग थोरलीवर चालतं, मशीनवाला शेठ थोरलीचीच फाइल मागतो, दुकानदाराला थोरलीच दुरुस्त करता येते. हर्षदा अडली तर थोरलीच्या बाजूने अख्खी गल्ली धावते. माझ्या बाजूने एक दीर, तोही सुट्टीच्या दिवशी.

शेवटी गजेंद्रनेच थोरलीचं नाव यादीत वर ठेवलं आणि माझं खाली. कॉम्प्युटर लावला की आम्हा दोघींची नावं क्षणभर दिसत; कुणी निवडलं नाही तर वरची आपोआप सुरू होई. मी रोज वाट बघायची. हर्षदा तेवढ्या वेळात केस बांधायची आणि थोरली आत शिरायची. ती रडतखडत चालली तरी घरच्यांना गोड, आणि मी? नावडतीचं मीठ अळणी. मी जळत होते, स्पष्टच सांगते.

दसऱ्याला तर कहर झाला. खान्देशातून आलेल्या या घरात पोटापाण्याच्या हत्याराची पूजा होते. सासूबाईंनी, म्हणजे सरलाबाईंनी, कॉम्प्युटर मुद्दाम चालू करायला लावला. बंद हत्याराची कसली पूजा? पडद्यावर थोरली झळकत होती. तिला हळदकुंकू, तिला झेंडूची माळ. मी आतच, अंधारात.

तेवढ्यात थोरलीने स्वतःचं अपडेट काढलं. हर्षदा बंद करायला उठली, तर सरलाबाई म्हणाल्या, "पूजा करेल शे. आज याले हात नका लावू."

पूजलेलं हत्यार त्या दिवशी कोण चालवतं, आणि कोण बंद करतं? सगळे सोनं वाटायला बाहेर पडले. संध्याकाळी वीज गेली. सुस्त थोरलीचं अपडेट तोवरही अर्ध्यावरच होतं; ती जी कोसळली, ती सकाळी उठेचना. शेठला त्याच दिवशी डिझाइन हवं होतं. इतक्या वर्षांची सगळी डिझाइनं आतच अडकली. हर्षदा रडवेली झाली. तिने गजेंद्रला फोन लावला.

"वहिनी, खालचं नाव निवड," तो म्हणाला.

मी उठले. किती आनंदाने उठले म्हणून सांगू! थोरलीच्या कोठीतून एकेक फाइल काढली आणि पेनड्राइव्हवर ठेवली. "मना जीव वाचाडा," हर्षदा म्हणाली. मला वाटलं, आता माझे दिवस आले. पण ती पेनड्राइव्ह घेऊन चंचलकडे गेली. तिथेही थोरलीच बसलेली. डिझाइन तिने तिथेच पुरं केलं.

आता मी दिंडोलीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर आहे. मघाशी दुकानदाराने विचारलं, "बेन, डेटा ले लिया ना? तो पूरा साफ करके नया डालता हूँ. इसमें दूसरी सिस्टम भी है, रखूँ क्या?"

"अच्छी है, भैया," हर्षदा म्हणाली, "पर मेरे को आती नहीं. निकाल दो."

वाईट म्हणाली असती तर मनातल्या मनात भांडले असते. चांगली म्हणून तिने मला काढलं. मी फाइली सोडवून दिल्या नसत्या, तर सगळं साफ करायला ती तयारही झाली नसती.

एक मागणं आहे. मला कधी घरात आणलंत तर एकटीला आणू नका. शेजारणीकडेही आणा, म्हणजे अडलं तर विचारायला कुणी असेल.

दुकानदाराने पेनड्राइव्ह लावलाय, त्यात थोरली आहे. थोड्या वेळाने पडदा उजळेल आणि हर्षदा सुटकेने म्हणेल, "उनी बाई," म्हणजे आली एकदाची. मी इतके दिवस त्या घरात राहिले, पण मला बघून ती असं कधी म्हणाली नाही.