सुगतचं हाफ तिकीट

नरसिंगनं ते मुद्दाम ऐकलं नव्हतं. शनिवारी दुपारी तो माठातलं पाणी घ्यायला उठला, तेव्हा त्याची सून धम्मप्रिया गॅलरीत उभी राहून फोनवर बहिणीशी बोलत होती. "उद्याच जाऊन येतो लातूरच्या वॉटर पार्कला. पाच तारखेच्या आत गेलं की सुगतचं तिकीट लागत न्हाई. तीनच्या आतल्याला फुकट हाय तिथं."

नरसिंगचा तांब्या माठाच्या तोंडाशीच थांबला.

सुगतला तीन वर्षं आदल्याच दिवशी भरली होती. नातू बुद्धपौर्णिमेचा जन्मलेला. शुक्रवारी विहारात खीर वाटली, आजोबाच्या मांडीवर बसून पोरानं बोबडं पंचशील म्हटलं, आणि भेटेल त्याला तीन बोटं दाखवली. 'खोटं बोलणार नाही' हे शील नरसिंगनं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. आणि आज त्याची आई त्याला तीनच्या आत बसवत होती.

नरसिंगची सारी नोकरी भोकर आगारात कंडक्टर म्हणून गेली. लेकराचं वय चोरणाऱ्या आया त्यानं पोत्यानं पाहिल्या होत्या. पाय जमिनीला टेकणारं पोरगं मांडीवर घ्यायचं, वरून पदर टाकायचा आणि म्हणायचं, "चौथं चालू हाय हो मास्तर." त्याचा नियम ठरलेला होता: आईला विचारायचंच नाही. पोराकडे बघून सहज म्हणायचं, "कितवीला हाईस रे पैलवान?" पोरगं छाती फुगवून सांगायचं, "दुसरीला." गाडीभर हशा व्हायचा आणि हाफ तिकीट फाडलं जायचं.

पण त्या परक्या बाया होत्या. ही घरची. तिकिटाचं काही नव्हतं. पोराला आजोबानं एक शिकवायचं आणि आईनं दुसऱ्याच दिवशी ते पुसायचं, हे त्याच्या मनातून जाईना. तरी तो बोलला नाही. चेकिंग कुणी आधी सांगून करत नसतं.

रविवारी सकाळी मुलगा आनंदराज गाडी चालवत होता. नरसिंग पुढे बसला आणि समोरचा छोटा आरसा खाली वळवून घेतला. त्यात सून आणि नातू बरोबर दिसत होते.

"काय बघून राहिलेत मघाधरून?" मागून त्याची बायको सरजाबाई म्हणाली. "मिशा हायत जागच्या जागी."

"रस्ता बघून राहिलो."

"रस्ता म्होरं हाय."

अहमदपूरला चहासाठी थांबले. नरसिंग बशी हातात घेऊन गाडीकडे पाहत होता. धम्मप्रियानं पोराच्या अंगातला वाढदिवसाचा शर्ट काढला. पुढून भला मोठा तीनचा आकडा छापलेला. तिनं तो उलटा करून पिशवीत तळाशी खुपसला आणि जुना बनियन चढवला.

"नवा शर्ट का काढलास?" त्यानं विचारलं.

"टोचतोय त्याला, मामा."

मग ती पोराच्या कानाशी वाकली. आवाज बारीक होता, पण चालत्या गाडीत शेवटच्या सीटवरचं बोलणं ऐकायची सवय झालेल्या कानांना तो पुरला. "तिथं खिडकीवर बोटं दाखवायची न्हाईत हं राजा. आई बोलंल."

नरसिंगनं चहा अर्धाच ठेवला.

पार्कपाशी आनंदराज गाडी लावायला गेला. बाकीचे तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. ऊन टाळूवर आलं होतं. धम्मप्रिया मोबाईल काढून काहीतरी शोधत होती.

"मोठी चार," ती खिडकीतल्या मुलीला म्हणाली. "ह्याला तीन व्हायचेत अजून."

"झालेत," नरसिंग मागून म्हणाला. आवाज आपोआप एसटीतला लागला. मागची सगळी रांग वळून बघू लागली. "शुक्रवारीच झालेत. एक हाफ फाडा."

खिडकीतली मुलगी हसली. "आजोबा, लोक हितं उलटं भांडतात."

रांगेत एकजण फिसकन हसला. धम्मप्रियाचा अंगठा मोबाईलवर थांबला. तिनं सासऱ्याकडे एकदा पाहिलं, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि बाजूला झाली. नरसिंगनं पैसे दिले, तिकिटं मोजून घेतली आणि आनंदराजचं गेटवर ठेवलं.

"हितं बी कंडक्टरकी," सरजाबाई पुटपुटली.

आत लहान मुलांच्या उथळ हौदापाशी ते सावलीला बसले. धम्मप्रियानं पोराचा बनियन काढला आणि नरसिंगला त्याची छाती दिसली. गळ्यापासून बेंबीपर्यंत लाल घामोळ्यांची रांग उठली होती. जिथं तो रबरी आकडा टेकत होता, तिथंच दाट. तिनं ओंजळीनं पाणी घालून ती जागा गार केली. शर्ट खरंच टोचला होता.

तेवढ्यात आनंदराज आला. बापाच्या हातातली तिकिटं बघून म्हणाला, "सुगतचं कशाला काढलं?"

"तीन भरल्यावर लागतं म्हणून."

"मंगळवारी भरतात, बाबा. पाच मे."

"पुनवंचा हाय तो. पुनव शुक्रवारीच झाली."

"पुनव काय दरसाल एकाच तारखंला येती का?" आनंदराज हसू लागला. "तो जन्मला त्या साली पाचला आली, औंदा एकलाच आली. तुमच्यासाठी म्हणूनच धम्मप्रियानं वाढदिवस पुनवंला धरला. न्हाईतर केक मंगळवारीच होता."

पुनव मागंपुढं सरकते हे नरसिंगला काय ठाऊक नव्हतं? जन्मभर यात्रेच्या जादा गाड्या त्यानं पंचांग बघूनच केल्या होत्या. पण तीन वर्षांपूर्वी विहारातून खिरीचा डबा घेऊन तो थेट दवाखान्यात गेला होता, नातू हातात घेतला होता, आणि त्या दिवसाला त्याच्या मनात तारीख अशी उरलीच नव्हती.

आनंदराज आईला घेऊन थंड काहीतरी आणायला गेला. नरसिंग सुनेच्या जरा जवळ सरकला.

"तू बोलली का न्हाईस तिथं?"

ती पोराच्या पाठीवर पाणी घालत राहिली. "मामा, तुमी नुसतं इचारलं असतं तर मी मोबाईलातला जन्मदाखला दाखवला असता. तुमी मला पकडलं." ओंजळ पुन्हा भरत ती म्हणाली, "चार माणसांत पकडल्यावर माणूस खरं बोललं तरी खोटंच वाटतं."

नरसिंगनं खिशातलं हाफ तिकीट काढलं, पाहिलं, पुन्हा ठेवलं. माफीचे शब्द त्यानं आयुष्यात फार वापरले नव्हते.

सुगत पाणी उडवत आजोबाच्या गुडघ्याशी आला. त्यानं एक बोट वर केलं, मग दोन, मग आईकडे चोरून बघत तिसरं अर्धवट उचललं. "आबा, मी किती वर्षांचा?"

नरसिंगनं ते तिसरं बोट हळूच मिटवलं.

"आईला इचार," तो म्हणाला. "तिला ठाव हाय."

धम्मप्रिया हसली नाही. पण टॉवेल सासऱ्याच्या मांडीवर टाकून म्हणाली, "धरा जरा. चोळू नका, घामोळ्या दुखतात त्याच्या."