यंदाची राक्षसीण

कुवेतमधल्या आमच्या रिग्गईच्या मराठी मंडळात निवडणूक कधी झालीच नव्हती. गुरुप्रसादच्या घरी चहा व्हायचा, तिथे अध्यक्षाचं नाव ठरायचं आणि शुक्रवारच्या सभेत सगळ्यांनी हात वर करायचे. याला आम्ही 'बिनविरोध' म्हणायचो आणि वर मिरवायचोही. मंडळ सुरू झालं तेव्हा आम्ही मूठभर घरं होतो, म्हणून ते खपून जायचं.

यंदा चहावर ठरलेल्या नावाविरुद्ध युसरा अध्यक्षपदासाठी उभी राहिली. युसरा म्हणजे आमच्या मुस्तफाची मुलगी. मुस्तफा मुरुडकडचा सिद्दी. त्याचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकण किनाऱ्यावर आले. काळाभोर रंग, कुरळे केस आणि बोलणं मात्र थेट माझ्या कोकणातल्या माहेरचं. पोरीने सगळं बापाचं उचललंय. इथेच वाढली, नर्स झाली. अम्गऱ्याच्या वर्कशॉपांत राबणारी, खोल्यांवर एकटी राहणारी कोकणातली पोरं मंडळात आली ती तिच्यामुळेच.

सभेत गुरुप्रसाद उठला. मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत तो साहेब होता. आवाज अजून तसाच.

"युसरा, तू आमची मुलगीच. पण निवडणूक आली की तट पडतात. तू उपाध्यक्ष हो. अध्यक्ष म्हणून कसं, समोर जरा आपल्यातला चेहरा बरा दिसतो."

युसराने मान खाली घातली. आता ती माघार घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी माईक मागून घेतला.

"आपल्यातला चेहरा म्हणजे कसा, ते आज बोलूनच घेऊ. चहा गार झाला तरी चालेल. मतदान नंतर."

"गंगूमावशी, रंगाचा विषय कशाला उगाच?" समिधा म्हणाली. आमची नाटकं तीच बसवते.

"रंग कोण म्हणालं? तूच म्हणालीस!"

हॉल हसला. युसरानेही मान वर केली.

"समिधाताई, मी शाळेत असल्यापासून तुमच्या नाटकात आहे. शूर्पणखा झाले, पूतना झाले, हिडिंबा तर दोनदा. जिजाऊ एकदाही नाही."

"अगं, तुझा आवाज दमदार आहे म्हणून!"

"मग जिजाऊ काय कुजबुजायच्या?"

या वेळी समिधाही हसली. मागून अक्षय उठला, अम्गऱ्याचा वेल्डर.

"मला कामावर रंगावरून हाका मारतात. जिवाला लागतं. आणि खोलीवर येऊन मी ताईंना हबशीण म्हणतो. त्यांच्यामागे."

"माहीत आहे रे मला," युसरा म्हणाली. "आता तोंडावर बोललास, हे बरं झालं."

मग तोंडं उघडली. कुणी चिडलं, कुणी रडलं, एक जण पाय आपटत बाहेर गेला आणि मतदानाला परत आला. खजुराच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. युसरा निवडून आली. गुरुप्रसादनेच निकाल वाचला आणि माईक तिच्या हातात दिला.

"पहिला निर्णय नाटकाचा," युसरा म्हणाली. "समिधाताई, जिजाऊ मी करणार. पौराणिक प्रवेशातली राक्षसीण गुरुप्रसादकाका करतील. आवाज दमदार आहे त्यांचा."

गुरुप्रसाद मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मिशी काढावी लागेल काय गं, अध्यक्षीणबाई?"